डावीकडे ओढणारी गाडी

टेपताई त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकायला लागली, ती काही हौस म्हणून नाही. घरात गाडी चालवणारा माणूस एकच, तिचा नवरा, आणि गेल्या वर्षभरात त्याच्या नजरेच्या कडा विझत चालल्या होत्या. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली त्या दिवशी त्यानं किल्ली आणून तिच्या शिवणयंत्राच्या खणात ठेवली आणि म्हणाला, हिला गंज चढू द्यायचा की तू शिकायचं, ते तूच ठरव. तिनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी नाव घालून आली.

टेपताई हे तिचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवता शिवता मोजायची टेप गळ्यात ठेवायची सवय इतकी जडली होती की बँकेत गेली तरी ती गळ्यातच. गल्लीनं नाव पाडलं आणि तिनंही ते मनाला लावून घेतलं नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन यंत्रं, कापणीचं टेबल, एक उभा आरसा आणि खिडकीत दोऱ्यांची रिळं.

ड्रायव्हिंग स्कूल गल्लीच्या तोंडाशीच होतं. एक खोली, एक पांढरी गाडी आणि एक सर. सर साठीला टेकलेले, शर्टाची घडी मोडू न देणारे, बोलणं मोजून मापून. बावीस वर्षं ते शिकवत होते आणि त्या बावीस वर्षांत त्यांचं मुख्य वाक्य एकच होतं: "सरळ धरा." विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'सरळसर' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना आवडायचंही.

पहिला आठवडा क्लच आणि गिअर यांच्या भांडणात गेला. ते मिटलं आणि दुसऱ्या आठवड्यात टेपताई मोठ्या रस्त्यावर आली, तेव्हा नवीनच त्रास सुरू झाला. गाडी डावीकडे जाई. ती स्टिअरिंग सरळ धरून बसली की दहा-वीस पावलांत गाडी फुटपाथला खेटायला निघायची. सर शेजारून एक बोट लावून ती परत जागेवर आणायचे आणि सांगायचे की हात आखडलेत, खांदे सैल सोडा, नजर लांब ठेवा. तिनं खांदे सैल सोडले. नजर पार रस्त्याच्या टोकाला नेऊन टांगली. गाडी डावीकडेच गेली. ब्रेक लावला तर जास्तच.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याच्या मते तिचं सगळं आयुष्य उजव्या हातानं कापड सरकवण्यात गेलं होतं, म्हणून डावा हात आळशी झाला असणार. असेलही, असं म्हणून ती कामाला बसली. पण पडद्याची लांब शिवण घालताना तिच्या मनात तोच विषय घोळत राहिला. तिच्याकडे शिवण शिकून गेलेल्या कितीतरी बायकांचं कापड एका बाजूला पळायचं आणि प्रत्येकीला वाटायचं की आपला हात वाईट. टेपताईची रीत वेगळी होती. ती आधी त्या बाईला उठवून स्वतः यंत्रावर बसायची, आणि निम्म्या वेळा दोष दाबपट्टीचा निघायचा. पट्टी एका अंगाला कणभर उचललेली असली की कापड त्या अंगाला सरकतं, शिवणारीनं कितीही देव पाण्यात ठेवले तरी.

दुसऱ्या दिवसापासून ती गाडीकडे नव्या ग्राहकाकडे पाहावं तशी पाहू लागली.

पहिली गोष्ट तिच्या नजरेत आली ती स्टिअरिंगच्या कव्हरची शिवण. कव्हर काळ्या रेक्झिनचं होतं आणि त्याचा जोड बरोबर खाली, मध्यावर आलेला होता. गाडी उभी असताना तसाच दिसायचा. पण धडा संपला की परतीच्या वाटेवर सर स्वतः गाडी चालवायचे, तेव्हा रस्ता नाकासमोर सरळ असायचा आणि तो जोड मात्र घड्याळातल्या सातच्या आकड्यावर. म्हणजे सर गाडी सरळ नेत होते, पण स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवून. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

तिनं विचारलं तर सरांनी सांगितलं की कव्हर जुनं आहे, फिरलं असेल. तिनं ते चाचपून पाहिलं. कव्हर इतकं घट्ट ओवलेलं होतं की नखसुद्धा आत जात नव्हतं. असलं कव्हर फिरत नसतं, हे तिला सांगायला कुणी नको होतं.

"सर, मी एक विचारू का? राग मानू नका," ती म्हणाली. "दोष हाताचा नसून गाडीचा असेल तर?"

सरांनी राग मानला. अर्थात तो त्यांनी दाखवला नाही. खिशातून रुमाल काढून आधीच स्वच्छ असलेली काच पुसली आणि शांतपणे सांगितलं की चारच महिन्यांपूर्वी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलंय, त्याचा छापील कागद आहे, सगळे आकडे हिरव्या रंगात आहेत. शिवाय ही गाडी ते रोज आठ तास वापरतात. तिच्यात काही असतं तर सगळ्यात आधी त्यांना कळलं असतं.

टेपताईनं गाडी पुन्हा सुरू केली. पण रोज वापरणाऱ्याला आधी कळतं, हे तिला मुळातच पटलं नव्हतं. रोज आरशात पाहणाऱ्या माणसाला आपला एक खांदा उतरलाय हे कधी कळत नाही. ते शिंप्याला कळतं, तेही टेप लावल्यावर.

शनिवारी तिचा धडा बंद गोदामामागच्या सिमेंटच्या मैदानात होता. तिथे रिव्हर्स शिकवत. तिनं पर्समधून खडू काढला, कापडावर खुणा करायचा तो चपटा, निळा, आणि सरांना विनंती केली की दहा मिनिटं मला द्या, माझी शंका फिटली की मी पुन्हा तोंड उघडणार नाही. सर हो म्हणाले, बहुधा त्या शेवटच्या वाक्यासाठी.

मैदानावर सिमेंटच्या पट्ट्यांचे लांबच लांब सांधे होते. त्यातल्या एका सांध्यावर तिनं खडू फिरवला, म्हणजे तो लांबून नीट दिसावा. मग शेजारच्या सीटवर बसत म्हणाली, तुम्हीच चालवा सर. चाक रेघेवर आणा, वेग बेताचा ठेवा आणि हात सोडा.

सरांनी हात सोडले. गाडी थोडी रेघेवर चालली आणि मग, कुणी पदर धरून ओढावं तशी, डावीकडे सरकली. मैदानाच्या टोकाला पोचेस्तोवर रेघेपासून चांगली दोन हात लांब गेली होती.

सर म्हणाले, मैदानाला उतार आहे.

"असेल," टेपताई म्हणाली. "मग उलट्या दिशेनं येताना ती उजवीकडे जायला हवी."

सरांनी आरशात मागचं मैदान पाहिलं. मग त्यांनी गाडी वळवली, पुन्हा त्याच रेघेवर आणली आणि हात सोडले. गाडी पुन्हा डावीकडे गेली. त्यांनी न सांगता तिसऱ्यांदा करून पाहिलं. चौथ्यांदा करण्याआधी खाली उतरून चारही चाकांची हवा तपासली. मोजायचं यंत्र त्यांच्या डिकीत असायचंच. हवा सारखी होती. चौथ्यांदाही गाडी डावीकडेच. पाचव्यांदा त्यांनी हात सोडून मध्येच ब्रेक लावला, आणि गाडीनं नाक असं फिरवलं की टेपताईला खिडकीची कड धरावी लागली.

एव्हाना सरांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता. त्याची जागा घेतलेलं कुतूहल टेपताईनं लगेच ओळखलं. तिला आठवडाभर जे झालं होतं, तेच आता त्यांना झालं होतं.

ती गळ्यातली टेप काढून पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवी बसली. चाकाच्या मागच्या कडेपासून दाराच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर तिनं मोजलं. साडेनऊ इंच. मग डाव्या बाजूला गेली. नऊ. पुन्हा मोजलं, सरांनाही मोजायला लावलं. तरी नऊच. डावं चाक आपल्या जागेवरून अर्धा इंच मागे बसलं होतं.

"माणूस असता तर कोटात पॅड घालून झाकलं असतं मी," ती म्हणाली. "हिचं काय करतात, ते तुम्हाला ठाऊक."

ठाऊक तर सरांनाही नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो होता त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गॅरेज तिथून पाच मिनिटांवर होतं, पण सर तिकडे फिरकत नसत. तीन वर्षांपूर्वी एका घरगुती जेवणात मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला होता की दाजींची गाडी एकदा खालून बघायला हवी, आवाज बरा नाही. सरांनी ते आपल्या चालवण्यावरचं बोट समजून मनात ठेवलं. तेव्हापासून तेल बदलायला ते गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचे. बहीण एकीकडे, भाऊ एकीकडे, मध्ये ही पांढरी गाडी.

त्या दिवशी सर गाडी थेट तिकडेच घेऊन गेले. टेपताईला त्यांनी उतरायला सांगितलं नाही आणि तीही उतरली नाही.

मेहुण्यानं जुनं काही काढलं नाही. हात पुसत पुढे आला, सगळं ऐकून घेतलं, आणि आधी नुसता गाडीच्या एकेका कोपऱ्यावर भार देऊन सोडत गेला. उजवा कोपरा खाली गेला, वर आला आणि थांबला. डावा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली, पुन्हा वर, मान डोलावत राहिला. टेपताईनं विचारलं की हे असं का. मेहुण्याला प्रश्न विचारणारी माणसं आवडत असावीत, कारण त्यानं काम थांबवून तिला नीट समजावलं. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का तिला विसरता येत नाही, ती डुलत राहते. तिला शांत करायला तिच्या पोटात शॉकअब असतो, तेल भरलेला. डाव्या शॉकअबचं तेल गळून गेलंय, म्हणून स्प्रिंग मोकाट सुटलीय. पण गाडी एका बाजूला ओढते ती यामुळे नाही, त्याचं कारण दुसरं असणार.

गाडी लिफ्टवर वर गेली तेव्हा टेपताई मान वर करून तिच्याखाली जाऊन उभी राहिली. तिनं आयुष्यात गाडीचं पोट पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं की चाक म्हणजे गाडीला ठोकलेली वस्तू, दाराला बिजागरी असते तशी. प्रत्यक्षात चाक एका जाड लोखंडी हातानं धरलेलं होतं आणि तो हात जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेला होता, तिथे लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. मध्ये रबराची जाड बांगडी होती. मेहुण्यानं तिला बुश म्हणतात असं सांगितलं. चाकाला थोडं हलता यावं, पण फार हलता येऊ नये, यासाठी ते रबर.

त्यानं एक लांब कांब उजव्या बाजूच्या सांध्यात अडकवून जोर लावला. सांधा ढिम्म हलला नाही. डाव्या बाजूला तीच कांब लावली तर तो सबंध लोखंडी हात अंगठ्याएवढा मागे सरकला आणि पुन्हा पुढे आला. रबर अर्ध्या वर्तुळात फाटलेलं होतं. गाडी चालायला लागली की रस्ता चाकाला मागे ढकलतो, ब्रेक लावला की आणखी ढकलतो, आणि धरून ठेवायला तिथे काहीच उरलं नव्हतं.

सरांनी अलाइनमेंटच्या कागदाची गोष्ट काढली. मेहुणा म्हणाला, कागद खोटा नाही. माप घेताना गाडी उभी असते, चाकावर जोर नसतो; तुम्ही मैदानात मोजलंत ते ब्रेकनं चाक मागे ढकललेलं असताना. उभ्या गाडीत सगळं जागच्या जागी वाटतं.

टेपताईनं मग विचारलं की डावीकडचंच रबर का फाटलं, उजवीकडचं का नाही. मेहुण्यानं डाव्या चाकाच्या कडेवर बॅटरीचा झोत टाकला. लोखंडी कडेला चहूबाजूंनी खरचटल्याच्या खुणा होत्या, एकावर एक, शेकडो. सरांनी त्या ओळखल्या. रस्त्याच्या कडेला गाडी लावायला शिकताना प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी डावं चाक फुटपाथवर आपटतो. बावीस वर्षं नसली तरी या गाडीची सात वर्षं, रोज दोन-तीन धक्के. कुणा एकाच्या धक्क्यानं ते फाटलं नव्हतं, सगळ्यांनी मिळून ते थोडं थोडं झिजवलं होतं.

"मग मला कसं कळलं नाही?" सरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी बहुतेक स्वतःलाच विचारला होता.

"दाजी, तुमचा हात चांगला, तिथेच घोळ झाला," मेहुणा म्हणाला. "गाडी रोज केसभर बिघडली, तुम्ही रोज केसभर सावरलीत. वाईट हाताच्या माणसानं पहिल्याच महिन्यात आणून टाकली असती."

काम दोन दिवस चाललं. मेहुण्यानं दोन्ही बाजूंचे बुश बदलले, पुढचे दोन्ही शॉकअब जोडीनं बदलले, कारण एक नवा आणि एक थकलेला असला तर गाडी पुन्हा लंगडते. मग अलाइनमेंट. टेपताई दुकान लवकर बंद करून दोन्ही दिवस तिथे जाऊन बसली. घरी गेल्यावर तिनं नवऱ्याच्या हातात एक कपबशी दिली आणि बशीखाली आधी स्पंज ठेवून, मग काढून, त्याला शॉकअब आणि स्प्रिंग समजावले. त्यानं वैतागून विचारलं की तू गाडी चालवायला गेलीस की गाडी शिवायला.

दुरुस्त गाडी घेऊन सर पहिल्यांदा रस्त्यावर आले, तेव्हा टेपताई मागच्या सीटवर होती. गाडी उजवीकडे जायला लागली. सरांनी सावरली, पुन्हा उजवीकडे. टेपताईच्या ध्यानात आलं की गाडी सरळ आहे, पण सरांचा हात अजून जुन्या गाडीला सावरतोय. पहिल्या चौकापर्यंत सरांनाही ते कळलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मग ते बोलले, आणि त्या दिवशी प्रथमच जरा जास्त बोलले. गेल्या दोन वर्षांत त्यांचे विद्यार्थी परीक्षेत फार नापास झाले होते. त्यांनी त्याचा दोष लोकांच्या लक्षाला दिला होता, मोबाइलला दिला होता. परीक्षेला हीच गाडी वापरली जायची. एक होती, सरकारी दवाखान्यात नर्स. दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा गाडी डाव्या रेषेवर गेली म्हणून. तिसऱ्यांदा नाव द्यायला आली तेव्हा सरांनी तिला सांगितलं होतं की काही माणसांचा हात यासाठी नसतो. ती नाव न देताच परत गेली होती.

टेपताईनं विचारलं, ती कुठे राहते.

सर दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. पुढे जे झालं ते त्यांनी टेपताईला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. फाटलेलं रबर त्यांनी कागदात गुंडाळून नेलं होतं. नर्सनं दार उघडलं, आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, मेहुण्यानं गाडीच्या कोपऱ्यांवर भार देऊन कसं तपासलं तेही. चूक गाडीची होती, आणि ती गाडी बरोबर आहे असं धरून चालण्याची चूक माझी होती, असं म्हणाले. तिनं ते रबर हातात घेतलं, फट बोटांनी उघडून पाहिली, मिटून पाहिली, आणि विचारलं की हे नेमकं कुठे असतं. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलं. तिनं आणखी दोन प्रश्न विचारले. मग तिची ड्युटीची वेळ झाली. येते की नाही, याबद्दल ती काहीच बोलली नाही.

टेपताईची परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. ती पहिल्यांदा नापास झाली. चढावर गाडी बंद पडली आणि घाबरून तिनं हँडब्रेक न सोडताच ती पुढे दामटली. घरी येऊन ती नवऱ्याला मोठ्या समाधानानं म्हणाली की ही चूक मात्र अगदी माझी स्वतःची. दोन आठवड्यांनी ती पास झाली, आणि नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वाटेत तो दर वळणाला तिला सूचना देत होता, त्याला वळण दिसत नसतानाही.

नर्स आली ती पावसाळा सरल्यावर, सुट्टीच्या दिवशी. टेपताई तेव्हा स्कूलमध्ये स्टिअरिंगचं नवं कव्हर ओवत बसली होती. तिनं ते हौसेनं शिवून दिलं होतं. नर्सनं गाडीत बसण्याआधी चारही कोपऱ्यांवर भार देऊन पाहिला, सर बाजूला उभे असताना, त्यांच्याकडे न पाहता. मग सर शेजारी बसले आणि टेपताई मागे. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नव्हतं.

नर्स हळू चालवत होती. मोठ्या रस्त्यावर लागल्यावर तिनं पुढे पाहतच विचारलं की सरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर आहे का. सरांनी पाय उचलून सीटजवळ घेतला आणि नाही म्हणाले. रस्त्याच्या मधली पांढरी पट्टी खिडकीतून एकसारख्या अंतरानं मागे जात राहिली. दोन किलोमीटर, तीन किलोमीटर. सरांचे हात मांडीवर होते आणि टेपताईला मागून दिसत होतं की ते तिथे राहावेत म्हणून त्यांनी एका हातानं दुसरा धरून ठेवलाय.

परत आल्यावर नर्सनं गाडी फुटपाथपासून वीतभर अंतरावर नीट उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"तुम्ही म्हणालात तेव्हा माझा तुमच्यावर विश्वास बसला होता सर," ती म्हणाली. "घरी सगळे म्हणत होते, ऐकू नकोस. मी तुमचं ऐकलं."

सरांनी मान हलवली. नर्स उतरली, पर्स खांद्याला लावली आणि बस स्टॉपच्या दिशेनं गेली.

पुढच्या आठवड्यात ती ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीच येऊन गाडीपाशी उभी होती.